वारा दाखवणारा मोजा

मी एक जुना मोजा आहे. हसलात ना, मित्रांनो? पण मी पायात घालायचा नाही हं! कर्जतजवळच्या एका विमान-शाळेच्या माळावर, बुटक्या खांबाला मी लटकतो. वारा तोंडात शिरला की मी फुगतो, आणि वारा जाईल तिकडे माझं शेपूट वळतं. विमान वाऱ्याला सामोरं उतरवावं लागतं, म्हणून माझं शेपूट बघूनच कोणत्या बाजूने उतरायचं ते ठरतं.

नवा होतो तेव्हा कसा भगवा झळकायचो! आता उन्हाने पार विटलोय. इथे मुलं खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी येतात. तो काही सहज मिळत नाही. डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा, निदान चाळीस तासांचं उड्डाण, त्यातलं काही तर अगदी एकट्याने! परवाना मिळाला की मुलं भुर्रकन निघून जातात. वरून सगळे मला बघतात, पण जवळ कुणी येत नाही.

इथे शिकणारी मोनिका पहिल्यांदा एकटी उडणार, त्या दिवशी तिची आई गोजरबाई आली. वारा पडला होता. माझा उरलासुरला भगवा रंग बघून तिला मी देवाचं निशाणच वाटलो. शेळ्यांचा पाला ओढायच्या आकडीने तिने माझं शेपूट खाली ओढलं आणि लुगड्याच्या चिंधीने खांबाला बांधलं. "देवा, पोरगी सुखरूप खाली येऊ दे. नारळ फोडीन." किती वर्षांनी मला कुणी मायेने हात लावला! मी सुखावलो.

मोनिका वर गेली आणि वारा सुटला. मी तडफडलो, पण शेपूट हलेना. तिला वाटलं, वारा नाहीच. ती नेहमीच्या बाजूने उतरू लागली. पाठीमागचा वारा विमानाला ढकलत होता. धावपट्टी संपत आली तरी चाकं टेकेनात! शेवटी तिने विमान पुन्हा वर उचललं.

शिकवणारे अजिनाथ सर वॉकीटॉकीत ओरडत होते, पण ते नुसतंच खरखरत होतं. सर माझ्याकडे धावले.

"ह्यो मोजा कुनी बांधला?"

"म्या. नवस हाय पोरीचा."

"अवो मावशी, त्याच्याकडं बघूनच ती उतरनार हाय! सोडा आधी!"

"आन् नवस मोडला तर?"

"आन् पोरगी?"

गोजरबाईने ती गाठ दातांनी सोडली. मी फाडकन फुगलो, होता नव्हता तेवढा जीव लावून. मोनिकाने मला पाहिलं, मोठा वळसा घेतला आणि दुसऱ्या टोकाकडून अलगद उतरली.

सगळे तिच्याकडे पळाले. पहिल्यांदा एकट्याने उडणाऱ्याला भिजवायची इथली रीतच आहे, तशी तिच्या डोक्यावर बादली ओतली. माझ्यापाशी पुन्हा कुणीच नव्हतं.

"एकलीला भ्या न्हाई वाटलं व्हय गं?" पदराने तिचं तोंड पुसत गोजरबाईने विचारलं.

"लई वाटलं, आई. पन एवढ्या माळावर त्यो एकटा माझ्याशी बोलत हुता." आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

मित्रांनो, मला हार नको, नारळ नको. एकटं राहायची मला सवय आहे. फक्त मला मोकळं ठेवा. वर कुणीतरी एकटंच असतं, आणि ते माझ्याकडे बघत असतं.