रायणीवरचा चिकू

मी एक जुनी सुरी आहे. अच्छाडच्या नाक्यावर एका ट्रकचा कमानपाटा मोडला, लोहाराने त्याचा तुकडा तापवून ठोकला आणि माझा जन्म झाला. खैराची मूठ बसली नि मी शुक्रीच्या घरी आले. मित्रांनो, पंधरा वर्षं मी तिथे कांदे चिरले, बांबूच्या कामट्या तासल्या. "हिच्यासारखी धार नाही," असं शुक्री शेजारणींना सांगायची. मीही जरा चढूनच गेले होते.

शुक्री डहाणूकडे चिकूच्या वाड्यांत मजुरीला जायची. जन्मभर दुसऱ्यांचे चिकू उतरवले. आपल्या दारात एक तरी झाड असावं, हा तिचा ध्यास. मागच्या वर्षी तिने कलम आणून अंगणात लावलं. लेकीला, दक्षाला म्हणाली, "याचा पहिला चिकू तुझा."

एक दिवस शुक्री बघते तर कलमाला दोन फांद्या. एक मरतुकडी, दुसरी खालून फुटलेली, चांगली तरारलेली. चिकू उतरवले तरी कलम तिने कधी बांधलं नव्हतं; ती मूळची भातशेतीतली बाई. आवणीला, भात लावताना, मरतुकडं रोप फेकायचं, जोमदार लावायचं, हे तिच्या हातातच बसलेलं. तिने मला उचललं आणि मी एका फटक्यात मरतुकडी फांदी उडवली.

संध्याकाळी शेजारची बायजी आली. रोपवाटिकेत हयात गेलेली म्हातारी. वाकून बघितलं आणि तिने कपाळाला हात लावला.

"अगं, चिकूचं कलम रायणीच्या रानटी रोपावर बांधतात. तू गाठीवरचा चिकू काढलास नि खालची रायण ठेवलीस."

दोष हाताचा, असं म्हणून मला सुटता आलं असतं; पण कापलं मीच होतं. शुक्रीने मला कुडाच्या भिंतीत खोचलं ते महिनाभर बघितलंही नाही. माझ्या अंगावर गंज चढला.

"उपटून टाक ती," नवरा लाहू म्हणाला.

"मुळं जिती आहेत. उपटायची नाही," शुक्री म्हणाली. "बायजी, मला बांधायला शिकव."

वाडीच्या मालकाला विचारून तिने चिकूची काडी आणली. मला दगडावर घासघासून लखलखीत केलं. रायणीत खाच, काडीला तिरका काप, वर प्लास्टिकची पट्टी. पहिली काडी आठवड्यात वाळली. दुसरी कोंबडीने पाडली.

लाहू हसला, "आता रायणीच खा."

"खाईन. आधी चिकू," असं म्हणून तिने तिसरी काडी बांधली, भोवती कामट्यांचं कुंपण केलं. पंचविसाव्या दिवशी काडीवर तांबूस कोंब दिसला. शुक्री पदराने मला पुसत बराच वेळ तिथेच बसून राहिली.

मित्रांनो, धारेचा फार तोरा बरा नाही. कापण्याआधी खाली वाकून गाठ बघा. आणि चुकलेल्या हत्याराला कुडात गंजत ठेवू नका, चूक निस्तरायला तेच लागतं.

फळ धरायला अजून तीन-चार वर्षं आहेत. दक्षा मला नेमाने तेल लावते. पहिला चिकू तिला माझ्यानेच कापायचा आहे.