कोणीच न सांगितलेला बाण

ऑफिसात तिला सगळे ढगवाली म्हणत. सॉफ्टवेअर लिहायला घेण्याआधी ते नेमकं कशासाठी हवंय हे लोकांना विचारायचं आणि कागदावर मांडायचं, हे तिचं काम. मोजता येणारं उद्दिष्ट असलं की ती लंबगोल काढी. 'पेशंटला विश्वास वाटावा' असलं, फूटपट्टी न लागणारं काही असलं की ढग. मग खालून वर बाण: मदत होत असेल तर अधिक, खीळ बसत असेल तर उणे. तळाशी पर्याय ठेवायचे, एकेकावर खूण करून बाणाबाणाने वर चढायचं आणि कोणता माथ्यापर्यंत पोचतो ते बघायचं. प्रोग्रामर मंडळींना हा पोरखेळ वाटे. पण याच मंडळींनी सहा सहा महिने खपून केलेलं काम कोणालाच नको होतं, असं दोनदा झालं होतं. त्यामुळे ती त्यांचं हसणं मनावर घेत नसे.

सध्या भिंतीवर, घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्सांच्या संस्थेचा तक्ता होता. माथ्यावर एकच उद्दिष्ट, जखम चिघळू नये. तळाशी दोन पर्याय. पहिल्यात सॉफ्टवेअर रोज सकाळी जी नर्स जवळ असेल तिला त्या घरी धाडणार होतं. त्यात पायपीट वाचत होती आणि दिवसाला जास्त घरं होत होती. दुसऱ्यात प्रत्येक पेशंटला कायम एकच नर्स. त्यात ओळख वाढायची, ओळखीने पेशंट खरं सांगायचा, आणि दुखणं वेळेवर कळायचं. ढगवालीचा कल दुसऱ्याकडे होता. तिच्या वडिलांच्या टाचेची पट्टी करायला याच संस्थेची एक नर्स वर्षभर येत होती. वडिलांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा पाय जपा, पुन्हा चिघळला तर गमवाल.

तिचा एक कडक नियम होता. प्रत्येक बाणाशेजारी पेन्सिलीने लिहायचं, हे कोणी सांगितलं. त्या दिवशी संस्थेच्या मेट्रनबाई बैठकीला आल्या, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि एकेक बाण वाचू लागल्या.

"हा माझा. हा ड्रायव्हरचा. आणि हा कोणाचा?"

'ओळखीची नर्स'पासून 'पेशंट खरं सांगतो'पर्यंत एक जाड बाण गेला होता. खूण अधिकची. शेजारी ढगवालीच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'उघड आहे'.

"हातच्या काकणाला आरसा कशाला, मेट्रनबाई? ओळखीच्या माणसाला आपण खरंच सांगतो की."

"सांगतो का?" मेट्रनबाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही कोणाला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. चाळीस बाणांपैकी हा एकच तिने घरचा म्हणून फुकट आत सोडला होता. तिने त्यावर तळहात ठेवला आणि पुन्हा खालून वर चढून पाहिलं. तो बाण नसेल तर दुसरा पर्याय निम्म्यातच अडकत होता. सगळी मदार त्याच्यावरच होती.

"एका बाणासाठी काय अडून बसायचं?" साहेब म्हणाले. "चार वाजता निर्णय कळवायचाय."

"चारच्या आत विचारून येते," ती म्हणाली आणि जेवायला म्हणून घरी गेली. पेशंट घरातच होता.

वडील खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. पायांत मोजे.

"बाबा, कामाचं विचारते हं. पेशंट म्हणून सांगा. आपल्या सिस्टरना तुम्ही सगळं खरं सांगता?"

"छे!" वडील हसले. "तिला कसं सांगणार? आल्या आल्या म्हणते, काका, आज कसे छान दिसताय! एवढा जीव लावून पट्टी करते. दुखतंय म्हटलं की तोंड उतरतं बिचारीचं. तिला वाटतं, आपल्याच हाताला गुण नाही. मी आपलं म्हणतो, मस्त आहे."

"मग दुखलं तर?"

"मागच्या आठवड्यात ती रजेवर होती ना, तेव्हा दुसरी कोणी आली होती. ना हसणं ना बोलणं. आणखी कुठे दुखतं, म्हणाली. तिला सांगून टाकलं. तिचं काय जातंय!"

"काय सांगितलंत?"

वडिलांनी पेपरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "करंगळीच्या बेचक्यात जरा झालंय. तिने चिठ्ठी दिली होती, घरी द्या म्हणून. ड्रॉवरमध्ये आहे."

"बाबा! आठवडा झाला. मला का नाही सांगितलंत?"

"अगं, तू दमून येतेस. चपला काढता काढता विचारतेस, बाबा, ठीक ना? त्याला 'हो'शिवाय काय म्हणायचं?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ज्यांचं नावही तिला नीट आठवत नव्हतं, अशा कितीतरी लोकांसमोर वही घेऊन ती तासन्‌तास बसली होती. घरात मात्र प्रश्नातच उत्तर घालून विचारत होती. तिला स्वतःची लाज वाटली. ती जमिनीवर बसली आणि त्यांचा मोजा हळूच उतरवला. बेचक्यातली कातडी काळपट पडली होती आणि वास येत होता.

वडिलांना दवाखान्यात नेताना टॅक्सीतून तिने साहेबांना फोन केला. "साहेब, तो बाण उलटासुद्धा जातो. आज काही कळवू नका. ओळखीची नर्स ठेवून मधून मधून परकी पाठवायची, असा तिसरा पर्याय मांडायला हवा. पण एका पेशंटच्या सांगण्यावर नको, अजून दहा जणांना विचारते. आज नाही जमणार."

साहेब बरंच बोलले. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. शेजारी वडील पाय जरा उचलून धरून बसले होते.

"माझ्यामुळे तुझं काम अडलं का गं?"

छे हो, सगळं ठीक आहे. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. शेवटी त्यांचीच लेक. तिने ते गिळलं.

"अडलंय, बाबा. आणि मला फार भीती वाटतेय."

वडिलांनी तिचा हात घट्ट धरला.

"मला तर आठवडाभर वाटतेय," ते म्हणाले.