शंभराच्या आत

होळीला यमुना कोवे माझ्या खांद्याला लागत होती. पोळ्यापर्यंत ती माझ्या कमरेला लागू लागली आणि भाऊंनी शाल-नारळ देऊन तिचा सत्कार केला.

आमच्या संस्थेत माणसं झिजतात. बाहेर हे नुसतं भाषणात म्हणतात, आमच्याकडे मोजतात. आम्ही कुपोषित मुलांचं काम करतो, त्यामुळे उंची मोजायची फळी घरचीच. दर सोमवारी दहाला प्रार्थना झाली की चपला काढायच्या, बायकांनी अंबाडा सोडायचा आणि टाचा टेकवून फळीला उभं राहायचं. डोक्यावर पट्टी सरकवणं, आकडा वाचणं आणि रजिस्टरमध्ये लिहिणं हे माझं काम. फळी मुलांची, एकशे वीसपर्यंतच. राजाभाऊ ड्रायव्हरनं मोठ्यांसाठी तिला वर एक तुकडा जोडला होता. आता तो तुकडा एकट्या माझ्यासाठी उरला होता, कारण चौदा वर्षांत मी अर्धा सेंटिमीटरसुद्धा झिजले नव्हते. एकशे बावन्न. दर सोमवारी एकशे बावन्न.

भाऊ संस्थापक. त्यांच्या पत्नी, म्हणजे माई, सगळ्यांत जास्त झिजलेल्या. त्या चष्म्याच्या डबीत असतात. प्रार्थनेच्या वेळी भाऊ डबी उघडून टेबलावर ठेवतात. भाऊ स्वतः सहा फूट आहेत.

यमुना आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो. तेव्हा आमची उंची इतकी सारखी होती, की प्रशिक्षणाला गेलो की एकमेकींचे परकर घालायचो. मग ती फिल्डवर गेली आणि मी टेबलावर. ती पाड्यापाड्यांवर जाऊन मुलं मोजायची, त्यांच्या आयांशी भांडायची, पोरं काखेत मारून दवाखान्यात न्यायची. ती जे करायची ते मी लिहायचे. तिनं दिवसाला चार गावं केली, तर त्या चार गावांचे नऊ तक्ते मी भरले. माझेही डोळे गेले, मान गेली. पण भाऊ म्हणाले, "हेमाताई, टेबलावर बसून कोण झिजतं?" आणि सगळे हसले. यमुनाही हसली. सरळच सांगते, त्या दिवसापासून मला तिचा हेवा वाटतो. तिच्या सुजलेल्या पायांचा, तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांचा, ती खुर्चीवर चढताना दोघांनी पुढे होऊन तिला हात द्यायचा, त्याचा. मी खुर्चीवर बसते तेव्हा कुणी मान वर करून पाहतही नाही.

दसऱ्याच्या आधी पुण्याहून अनघा मॅडम आल्या. झीज थांबवायला. त्यांनी आम्हाला गोलात बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, "शेवटचं 'मी दमले' असं कधी म्हणालात?" कुणाला आठवेना. मग त्यांनी जोड्या पाडल्या. नाही म्हणायचा सराव होता. माझ्या वाट्याला यमुना आली.

"यमुनाताई, उद्या वाघदऱ्याला जाता का?" मी कागदावरचं वाचलं. तिनं फक्त नाही म्हणायचं होतं.

"कोणत्या गाडीनं?" यमुनेनं विचारलं.

"नाही म्हण."

"हो, म्हणतो ना. पण सकाळची गाडी सुटली, तर दुपारचीही हाये."

तीनदा केलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तुले जमत नसन तर मी जातो वं." अनघा मॅडमनी त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलं.

जाताना त्या नियम करून गेल्या. रजिस्टरप्रमाणे जो कोणी शंभराच्या आत येईल, त्याला सक्तीची तीस दिवस रजा. फोन बंद, संस्थेचं तोंड पाहायचं नाही. रजेत माणूस भरून येतं हे आम्हाला माहीतच होतं. राजाभाऊ बहिणीच्या लग्नाला आठ दिवस जाऊन आले तेव्हा चार बोटं वाढले होते, आणि नंतर महिनाभर लाजेनं वाकून चालत होते. म्हणून रजा कोणी मागत नसे. सक्तीची असेल तर मात्र लाजायचं कारण नव्हतं. भाऊंना नियम फारसा पटला नाही. त्यांनी त्यात एका ओळीची भर घातली, शंभराच्या आत येणाऱ्याचा फोटो सभागृहात लागेल.

त्या संध्याकाळी यमुना माझ्या टेबलाशी आली. टेबलाच्या कडेवर तिनं हनुवटी टेकवली.

"हेमा, माझ्या संगीचं बाळंतपण हाये दिवाळीत. पहिलंच."

"हो, माहीत आहे."

"आता मले शंभराच्या आत धरतीन. महिनाभर पोरीजवळ राहीन. तेवढ्यात भरून येईन मी. नातवाले काखेत घेता आलं पाहिजे ना वं. एवढ्याशा हातात कसं घेऊ?" तिनं हात वर करून दाखवले. ते खरंच एवढेसे होते.

मी म्हटलं, "येशील की आत." पण घरी जाताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. तिला फोटोही मिळणार आणि रजाही. संगीचं बाळही. एका माणसाला किती मिळावं याला काही मर्यादा?

सोमवारी तिनं अंबाडा सोडला, टाचा टेकवल्या. मी पट्टी खाली आणली. अठ्ठ्याण्णव.

"किती आलं?"

"एकशे चार."

"अरे द्येवा," ती म्हणाली. "मले वाटलं, कमी भरन." मग हसली. "तू वाचतं म्हणजे बरोबरच असन." तिनं केस बांधले आणि दुपारच्या गाडीनं वाघदऱ्याला गेली.

संध्याकाळी माझ्या साडीचे काठ घोट्याच्या वर आले. मी फळीला उभी राहिले, स्वतःच्या डोक्यावर स्वतः पट्टी धरली. एकशे अठ्ठावन्न. रजिस्टरमध्ये मी एकशे बावन्न लिहिलं.

पुढच्या सोमवारी यमुना एक्क्याण्णव होती. मी एकशे तीन लिहिलं, आणि मंगळवारी दाराच्या चौकटीला माझं कपाळ आपटलं. त्याच्या पुढच्या सोमवारी ती त्र्याऐंशी झाली. मी एकशे दोन लिहिलं. पंख्याखालून जाताना मी वाकू लागले.

सगळ्यांना दिसत होतं. यमुना टेबलाच्या आडून चालायची तेव्हा फक्त केस दिसायचे, आणि मी एका जागेवरून चारही कपाटांच्या वरची धूळ पाहू शकत होते. पण रजेचा कागद रजिस्टरवरून निघतो. यमुना भाऊंकडे गेली तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "काय आकडा आहे?"

"एकशे दोन."

"दोनच राहिले, यमुनाताई," भाऊ मायेनं म्हणाले. "निघतील. दिवाळीच्या आत निघतील." आणि तिला आणखी दोन पाडे दिले.

माझ्याबद्दल मात्र लोक बोलू लागले. "हेमाताईंना मानवतंय हं." "तब्येत सुधारली." आमच्याकडे याहून वाईट शिवी नाही. अनघा मॅडमनी फोनवर माझा फोटो मागवून घेतला. संस्थेत राहून झीज तर थांबलीच, उलट वाढ झाली, असं उदाहरण त्यांना कुठंच मिळालं नव्हतं म्हणे. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव अहवालात आलं. ते मीच टाइप केलं. मला काडीचाही आनंद झाला नाही. कारण त्याच दिवशी यमुना पायरी उतरताना पडली आणि तिला उचलायला सगळं ऑफिस धावलं. राजाभाऊंनी तिला तळहातांवर घेतलं. मी कोपऱ्यातून पाहत होते. मला कुणी कधी असं उचललं असतं?

आता तर कुणी उचलूच शकलं नसतं. चौथ्या सोमवारी बहात्तरचे मी एकशे दोन केले, पाचव्या सोमवारी अठ्ठावन्नचे एकशे दोन. पाचव्या सोमवारी माझी मान छपराच्या टिनांना लागली. आमचं ऑफिस म्हणजे जुनं गोदाम, मागच्या बाजूला टिनं फार खाली येतात. दारातून बाहेर पडायचं तर रांगावं लागलं असतं, पण गुडघे वाकवायला टेबलं आणि कपाटांच्या मधे जागा नव्हती. मी ऑफिसातच राहू लागले. लोकांनी माझ्या पायांजवळून वाट काढायची सवय करून घेतली. त्यांचे आवाज खालून यायचे, आणि एकेक शब्द निवडून ऐकावा लागायचा. दुपारी टिनं तापायची तेव्हा माझी मान भाजायची. हे दमणंच होतं. पण रजिस्टरमध्ये माझ्यापुढे एकशे बावन्नच होतं, आणि खरा आकडा सांगितला असता तरी कोण म्हणालं असतं की ही झिजली?

सहाव्या सोमवारी दिवाळी चार दिवसांवर आली होती. यमुना सोडून सगळे पाड्यांवर गेले होते. फोन वाजला. स्पीकरवर टाकायला मला टेबलावर बोट फक्त टेकवावं लागलं. संगीचा नवरा होता. मुलगी झाली होती. तीन किलो, एक्कावन्न सेंटिमीटर. संगी विचारत होती, आई कधी येते.

"अजून दोन राहिले म्हणा," यमुनेचा आवाज आला. ती खाली कुठेतरी होती. फोन ठेवल्यावर ती हसली, अगदी बारीक. "एक्कावन्न! हेमा, माझ्याहून मोठी हाये का वं माझी नात? मोज बरं मले."

तिच्या हसण्यात कुठे तक्रार नव्हती. मी ती शोधत होते. सहा आठवडे मी तिच्या तोंडून एका वाकड्या शब्दाची वाट पाहत होते, म्हणजे मला बरं वाटलं असतं. तो शब्द तिच्याकडे नव्हताच. याचाही मला हेवा वाटला, आणि मग एकदम तो संपला. टिनांखाली मी आणि माझी मान एवढंच उरलं.

"यमुने," मी म्हटलं, "तू शंभराच्या आत आहेस. दसऱ्याच्या आधीपासून आहेस. मी खोटं लिहिलं."

खाली तिचा चेहरा कसा झाला, ते मला वरून दिसत नव्हतं.

"काहून वं?" ती म्हणाली.

"तुझा फोटो लागला असता."

"फोटो," ती म्हणाली. मग, "आता खरं लिही. आज लिहिलं तर उद्याची गाडी भेटते मले. पोर वाट पाहून राहिली."

"लिहिते. फळीला उभी राहा."

"चालली."

फळी समोरच्या भिंतीला होती. बाकीच्यांना तिथवर आठ पावलं, मला एकच. मी उजवा पाय उचलला. टिन मानेत रुतलं. खाली पाहायचं तर मान वाकवायला हवी होती आणि वाकवायला जागा नव्हती. डोळे जितके खाली नेता येतील तितके नेले. फळीचा वरचा अर्धा भाग दिसला, त्याच्या खालचं काही दिसलं नाही.

"पोचलीस का?" मी विचारलं.

"नाही अजून. लय दूर हाये वं."

"कुठे आहेस?"

"इथं हाये."

आवाज डावीकडून आला असं वाटलं. मी पाय उजवीकडे नेला.

"हेमा, इथं," ती म्हणाली. आता तो पायाखालून आल्यासारखा वाटला.

"थांब. हलू नकोस."

"हलली नाही तर फळीपाशी कशी जाऊ?"

माझी मांडी थरथरायला लागली. पाय मागे न्यावा तर कपाट होतं, वर टिन होतं. पाय कुठेतरी टेकवावाच लागणार होता, आणि खाली सगळीकडे फरशी होती. फरशीवर कुठेतरी यमुना चालत होती, मी तिचं पाऊल ऐकायचा प्रयत्न करत होते, आणि माझा पाय हळूहळू खाली येत होता.