मारणे या शब्दापुढची ओळ

मित्रांनो, आधी माझ्यावरची धूळ फुंका, मग खुशाल नाक मुरडा. मी एक जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश आहे. पुण्यात छापला गेलो, तिथंच माझी बांधणी झाली आणि पाठीवर सोनेरी अक्षरं मिरवत मी भोरच्या बाजारात आलो. तिथून आनंदराव मास्तरांनी मला राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या शाळेत नेलं. काय सांगू तो थाट! अख्खा गाव मला बघायला लोटला. "एवढी इंग्रजी ह्यात मावली व्हय?" म्हणत बनाबाईंनी तर मला हळदकुंकू वाहिलं. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच फुगलो.

पण माझं एक दुखणं कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्यात एकेका मराठी शब्दापुढं तीन-तीन, चार-चार इंग्रजी शब्द ओळीनं बसवलेले. त्यातला कुठला कधी उचलायचा, हे माझ्यात छापलेलंच नव्हतं. आणि मला बोलायला तोंड कुठं आहे?

एकोणीसशे चौतीसच्या हिवाळ्यात मोजणीचा एक गोरा साहेब गडाखाली तंबू ठोकून राहिला. नवाच होता, मराठीचा गंध नाही. त्याचा दुभाषी तापानं फणफणला, म्हणून त्याला नसरापूरला पाठवलेलं. त्यात साहेबाचं लाडकं कुत्रं सकाळपासून दिसेना. बिचारा शीळ घालून घालून थकला होता.

अशात मेंढ्या राखणारा म्हादू शाळेत आला. मागोमाग त्याचा कुत्रा तांब्या. लांडग्याच्या तोंडातून मेंढरू सोडवून आणणारा जिवट प्राणी. तांब्या होता म्हणून म्हादूचा कळप होता.

"मास्तर, सायबाचं कुत्रं लई द्वाड हाय," म्हादू म्हणाला. "माझं कोकरू धरलं त्यानं. जरा बांधून ठेवा म्हणावं."

मास्तरांनी मला काखेत मारलं आणि निघाले.

तंबूपुढं म्हादूनं हात जोडले. "सायब, तुमचं कुत्रं कोकरावर आलं, म्हून म्या त्याला मारलं."

मास्तरांनी मला उघडलं. 'मारणे'. पुढं ओळीत बीट, स्ट्राइक, किल. 'बीट' म्हणजे ढोल बडवणं आणि 'स्ट्राइक' म्हणजे घड्याळाचे ठोके, असंच ते पोरांना शिकवत आले होते. उरला 'किल'. तो त्यांनी शिकारीच्या धड्यात वाचला होता. म्हणजे जनावराला मारायचं तर हाच! त्यांचं बोट तिथं टेकलं. अहो मास्तर, तो नको! तो जीव घेतो! मी आतल्या आत ओरडलो. निदान वाऱ्यानं पान तरी उलटावं, तर तेही जागचं हललं नाही.

"ही किल युवर डॉग," मास्तर ऐटीत म्हणाले.

साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. "किल?"

"येस सर, किल!"

म्हादूला वाटलं, साहेबाला पटलं. तो हसून मान डोलवायला लागला. "व्हय व्हय. परत कोकराला धरलं, तर परत मारीन."

त्या हसण्यानंच घात केला. साहेबानं बंदूक उचलली आणि म्हादूच्या पायाशी बसलेल्या तांब्याला गोळी घातली.

म्हादू त्याला पोटाशी धरून ओरडत राहिला, "ह्यानं काय केलं वं, सायब? ह्या मुक्या जीवानं काय केलं?" मास्तर माझी पानं भराभर उलटत होते. काय शोधत होते, ते त्यांनाच ठाऊक नसावं.

थोड्या वेळानं करवंदीच्या जाळीतून साहेबाचं कुत्रं लंगडत आलं आणि शेपूट हलवत त्याचे बूट हुंगायला लागलं. साहेब मटकन खाली बसला.

"मास्तर," म्हादूनं विचारलं, "तुमी त्यास्नी सांगितलंत तरी काय?"

"तू कुत्र्याला मारलंस, असं सांगितलं रे."

"मंग बरूबरच सांगितलंत की!" म्हादू म्हणाला. "चुकलं कुठं?"

मास्तरांनी मला मिटलं.

त्यानंतर त्यांनी मला फडताळात टाकलं, ते पुन्हा कधी हातात घेतलं नाही. मला वाळवी लागली. त्याच हिवाळ्यात लांडग्यांनी म्हादूचा निम्मा कळप नेला. फडताळातून मला रात्री मेंढरांचं ओरडणं ऐकू यायचं, आणि मी काय करणार होतो?

मित्रांनो, माझ्यासारख्यांना वाळवीच्या स्वाधीन करू नका. उघडा, वाचा. पण एका ओळीत बसलेत म्हणून शब्दांना सख्खे भाऊ समजू नका. आणि शब्द सापडला म्हणून माणसाला विचारायचं थांबू नका. 'मारलंस, मग कुत्र्याचं पुढं काय झालं?' एवढंच विचारायचं होतं. म्हादू तिथंच उभा होता, त्यानं सांगितलं असतं.