लहरी शोषणारी बाई

रविवारी सकाळी त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर इतकी माणसं जमली होती, की लिफ्टचं दार उघडलं तरी मला पाऊल ठेवायला जागा मिळेना. माझ्या खांद्यावर शिडी, हातात हत्यारांची बॅग. मी घरोघरी इंटरनेटची फायबर लाइन जोडणारा माणूस. समोरच्या घरातून तक्रार आली होती म्हणून गेलो होतो, पण गर्दी शेजारच्या दारात होती आणि सगळे माना उंचावून आत बघत होते.

ते घर विमावाल्यांचं. हे गृहस्थ विम्याचे दावे तपासण्याचं काम घरूनच करायचे. त्यांची बायको त्याच घरातून ऑनलाइन गणिताची शिकवणी घ्यायची. दोघांबरोबर विमावाल्यांची थोरली बहीण राहायची, तिला सगळी इमारत ताई म्हणायची. ताईनं तीस वर्षं शिवणयंत्र चालवून या भावाला शिकवलं होतं. वर्षभरापूर्वी बसमधून उतरताना ती पडली, नडगीचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी त्याला स्टीलची पट्टी बसवली. तेव्हापासून ती काठी टेकत चालायची.

घरात हजाराची लाइन होती, म्हणजे हजार एमबीपीएस वेगाची, आमच्या कंपनीचा सगळ्यात वेगवान प्लॅन. ती दोन महिन्यांपूर्वी मीच जोडली होती. तरीही शिकवणी चालू असताना बाईंचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजायचा, आणि मुलं त्या चेहऱ्याचे फोटो एकमेकांना पाठवायची. विमावाल्यांच्या बैठकीत साहेबांचा आवाज तुटायचा. कंपनीला फोन केला की 'राऊटर बंद करून पुन्हा चालू करा' यापलीकडे उत्तर नाही. शेवटी त्यांनी लहरीमहाराजांना बोलावलं.

लहरीमहाराज हा पूर्वी घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. तो धंदा बसल्यावर त्यानं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट शिवून घेतला आणि हवेतल्या लहरी शुद्ध करायला लागला. त्याची वाणी मात्र विक्रेत्याचीच राहिली होती. "डॉक्टर माणसाची नाडी बघतो, मी घराची बघतो," तो गर्दीला सांगत होता. "तुमच्या लहरी येतायत, पण वाटेत कुणीतरी त्या पितंय." कंपन, ऊर्जा, क्वांटम असे शब्द तो मधूनमधून पेरत होता. समोरचे पदवीधर लोक माना डोलवत होते, कारण न समजलेलं कबूल करायची लाज सगळ्यात जास्त पदवीधरांनाच असते.

आधी त्यानं फोनवर वेग मोजला. बारा. मग चपलांच्या पत्र्याच्या कपाटात ठेवलेला राऊटर बाहेर काढला, हॉलच्या मधोमध टेबलावर ठेवला, बटण बंद करून दोन मिनिटं डोळे मिटले आणि पुन्हा चालू केला. एक्याण्णव. दारातली माणसं थक्क झाली. मागच्यांना दिसेना म्हणून पुढच्यांनी आकडा ओरडून सांगितला. लाइन हजाराची असताना उरलेले नऊशे नऊ कुठे गेले, हे एकानंही विचारलं नाही.

मग तो लहरी पिणाऱ्याला शोधायला लागला. खिशातून मुठीएवढं यंत्र काढून प्रत्येकाच्या पायांवरून फिरवू लागला. ताईच्या नडगीपाशी आल्यावर यंत्र किंचाळलं. पुराव्यासाठी त्यानं हॉलमध्ये फोन धरला, तर एक्याण्णव. ताईला तिच्या खोलीत बसवून तिच्याशेजारी फोन धरला, तर चार.

"हिच्या पायात धातू आहे," तो म्हणाला. "सगळ्या घराच्या लहरी ही शोषतेय."

पायातली पट्टी त्याला कुणी सांगितली नव्हती, असं लोक नंतर आठवडाभर एकमेकांना सांगत होते. बाई काठी घेऊन लंगडत चालते, हे कुणालाही दिसत होतं, पण ते त्यांच्या हिशेबात नव्हतं.

ते यंत्र माझ्या बॅगेतही होतं. भिंतीला भोक पाडण्याआधी आत लोखंड किंवा वायर आहे का, हे बघायला आम्ही ते वापरतो. राऊटर पत्र्याच्या कपाटातून बाहेर काढला की वेग वाढणारच. ताईची खोली स्वयंपाकघराच्या पलीकडे, मध्ये दोन जाड भिंती आणि फ्रिज. तिथे लहरी अशक्तच पोचणार, आत कोण बसलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. हे सगळं मला दारात उभ्या उभ्या कळलं होतं. मी मनातल्या मनात हसलो, गर्दीतून वाट काढली आणि समोरच्या घराची बेल वाजवली. त्या दिवशी मला अजून चार घरं करायची होती.

पुढचं मला नंतर समजलं. ताईला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत हलवलं. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जायची, वर बावीस पायऱ्या. भावजयीनं समजूत घातली, की थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, जेवणाचा डबा वेळेवर येत जाईल. भावानं गादी स्वतः उचलून नेली आणि तेवढ्यावर तो स्वतःला भला माणूस समजला. ताईची खोली रिकामी झाली तशी विमावाल्यांनी तिथे टेबल टाकलं आणि वेग तसाच चार असूनही कुणाला सांगितलं नाही. चमत्कार आपल्याच घरात झाला असेल, तर तो फसला हे कोण सांगणार?

लहरीमहाराजाचं नाव मात्र झालं. त्यानं तांब्याच्या जाळीची टोपी विकायला काढली आणि तिला 'लहरकवच' म्हटलं. राऊटरवर ही टोपी घातली की लहरी घरातच राहतात, शोषणारीकडे जात नाहीत. विमावाल्यांसकट अकरा घरांनी ती घेतली. तांब्याच्या जाळीनं झाकलेल्या राऊटरमधून लहरी बाहेर पडणार कशा? अकराही घरांचा वेग कोसळला. महाराजाकडे उत्तर तयार होतं. आता ती बाई सगळ्यांच्या डोक्यावर बसलीय, तिची छाया छत्रीसारखी साऱ्या इमारतीवर पसरलीय. तिला इमारतीतूनच हलवायला हवं.

इमारतीच्या सचिवांनी तसा अर्ज लिहिला. ते निवृत्त न्यायालयीन कारकून होते, त्यामुळे अर्जाची भाषा निर्दोष होती.

त्याच दिवशी आमच्या कंपनीकडे एकाच इमारतीतून अकरा तक्रारी आल्या आणि मला पाठवण्यात आलं. इमारतीची मुख्य पेटी गच्चीवर असते म्हणून मी आधी वर गेलो. ताई खोलीच्या दारात स्टुलावर बसली होती. मला पेटीकडे जाताना पाहून ती धडपडत उठली.

"थांबा, मी लांब होते," ती म्हणाली. "तुमचं काम बिघडेल."

काठी टेकत ती गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन कठड्याला पाठ लावून उभी राहिली. तिनं गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल गुंडाळली होती. वरून चिकटपट्टी. उन्हानं ती तापली होती आणि कडेची कातडी लाल होऊन फुटली होती. फॉइलनं लहरी आत जात नाहीत, असं महाराजानंच सांगितलं होतं.

पायातली पट्टी काढून देणारा डॉक्टर माहीत आहे का, असं तिनं मला विचारलं. तिच्या डॉक्टरानं नकार दिला होता. हाड अजून धरलेलं नाही, पट्टी काढली तर पुन्हा मोडेल, असं त्यानं बजावलं होतं.

"मोडू दे," ताई म्हणाली. "पण भावाची नोकरी जायला नको."

मुख्य पेटीत कसलाच बिघाड नव्हता. मी ती बंद केली आणि तिला सांगितलं, की माझ्याबरोबर खाली चला. ती यायला तयार नव्हती. मी हट्ट धरला. बावीस पायऱ्या उतरायला आम्हाला पाव तास लागला.

खाली विमावाल्यांच्या हॉलमध्ये अर्जावर सह्या चालल्या होत्या. महाराज सोफ्यावर बसून चहा घेत होता. ताई दारात दिसताच दोघातिघांनी आपापले फोन छातीशी धरले, जणू तिला महारोग झाला होता. मी सचिवांना म्हटलं, सह्या करा खुशाल, त्याआधी मला पाच मिनिटं द्या.

राऊटरवरची तांब्याची टोपी काढली. ताईला राऊटरला अगदी खेटून बसवलं, पट्टीचा पाय टेबलाला लागेल इतकं जवळ. फोन तिच्या मांडीवर ठेवून वेग मोजला. ब्याण्णव. मग महाराजाला म्हटलं, आता तुम्ही आतल्या खोलीत बसा. तो नाही म्हणू शकला नाही, सगळे बघत होते. त्याच्या शेजारी फोन धरला. तीन.

बाईची छाया भिंतीत मुरलीय, असं तो म्हणाला. मी सचिवांना तिथे बसवलं. तीन. नुसती खुर्ची ठेवली. तीन. राऊटर उचलून त्याच खोलीच्या दाराशी आणला, मधल्या भिंती टळल्या. नव्वद. वर तांब्याची टोपी घातली. सोळा. मग माझ्या बॅगेतलं यंत्र काढलं आणि महाराजाच्या पट्ट्याच्या बकलावरून फिरवलं. किंचाळलं. सचिवांच्या किल्ल्यांवरून फिरवलं. किंचाळलं. शिकवणीवाल्या बाईंच्या बांगडीवर किंचाळलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. ज्यांनी टोप्या घेतल्या होत्या, ते सगळ्यात मोठ्यानं हसत होते.

हसणं ओसरल्यावर ताईनं विचारलं, "पण लाइन हजाराची आहे ना? मग इतक्या जवळ ब्याण्णवच कसे?"

एवढ्या शिकलेल्या माणसांत हा प्रश्न तिला पडला. आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागणार होतं.

भिंतीवरच्या फायबरच्या डबीतून राऊटरकडे जाणारी वायर मी काढली आणि तिचं टोक कापून सगळ्यांना दाखवलं. या वायरीत आठ तारा लागतात. आठ असल्या तर हजाराचा वेग जातो. या जुन्या वायरीत चारच होत्या. चार तारांमधून शंभरापलीकडे काहीच जात नाही, मग लाइन हजाराची असो की लाखाची. बॅगेतली आठ तारांची वायर जोडली, लॅपटॉप थेट राऊटरला लावला आणि वेग मोजला. नऊशे अडतीस. या वेळी कुणी आकडा ओरडून सांगितला नाही.

ती जुनी वायर मीच लावली होती, हे मी सांगितलं. लाइन जोडायच्या दिवशी माझ्याकडच्या नव्या वायरी संपल्या होत्या, दुसऱ्या दिवशी परत यायचा कंटाळा होता, म्हणून याच घराच्या खणातली वायर लावून मोकळा झालो. पहिल्या रविवारी एक्याण्णवचा आकडा ऐकून मला हे ओळखता आलं असतं. तेव्हाही गप्प बसलो.

विमावाल्यांना हवा होता तो माणूस सापडला. माझ्यामुळे आपल्या सख्ख्या बहिणीला हे भोगावं लागलं, असं ते थरथरत्या आवाजात बोलले, आणि शेजाऱ्यांनी सहानुभूतीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"वायर मी लावली," मी म्हणालो. "गादी वर तुम्ही नेलीत."

तोवर महाराज चहाचा कप तसाच ठेवून निघून गेला होता. त्याला कुणी अडवलं नाही. आपण फसलो हे चारचौघांत कबूल करायची कुणालाच हौस नव्हती. पुढच्या महिन्यात तो दोन रस्ते पलीकडच्या इमारतीत दिसला, शर्ट तोच, टोप्या नव्या.

सह्यांचा कागद सचिवांनी घडी करून खिशात घातला. बाकीची माणसं माझ्याभोवती जमली, आमच्याकडची वायर बघता का म्हणून. ताईकडे कुणी गेलं नाही. ती खाली वाकून पायावरची फॉइल सोडवत होती. घोट्याजवळ चिकटपट्टीबरोबर कातडी निघाली, तेव्हा तिनं दात आवळले आणि भावजयीकडे पाणी मागितलं. भाऊ म्हणाला, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करून देतो. ताई म्हणाली, "राहू दे, तुझं टेबल लागलंय तिथे." आठवड्याभरात ती शिवणवर्गातल्या जुन्या मैत्रिणीकडे राहायला गेली. तिच्या पायावर डाग राहिला आहे. भाऊ तिला फोन करतो. आवाज अगदी स्वच्छ जातो.

कंपनीनं मला लेखी ताकीद दिली. मला ती मिळायलाच हवी होती.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की काही बिघडलं की आपल्याला वस्तू तपासण्यापेक्षा माणूस धरणं सोपं वाटतं, आणि धरायला नेहमी घरातला दुबळा सापडतो. कुणी बोट दाखवून म्हणालं की दोष हिच्यात आहे, तर त्याला सांगा: हिच्या जागी दुसऱ्याला बसवून दाखव. मग ती जागा रिकामी ठेवून दाखव. आकडा बदलला नाही, तर त्याला दाराबाहेर काढा. मीटर, क्वांटम आणि पांढरा शर्ट हा पुरावा नव्हे. आणि ज्याला खरं कारण ठाऊक आहे, त्यानं ते तिथेच सगळ्यांसमोर बोलावं, स्वतःची चूक उघडी पडली तरी. माणूस गच्चीवर पाठवल्यानंतर सांगितलेलं खरं त्याच्या फारसं उपयोगी पडत नाही.