लाइट धरणारा माणूस

"फोटो छापून घ्या हो, मोबाइलचं काय, आज आहे उद्या नाही," हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं ऐकवतोय. स्टुडिओ माझा, मी नाही सांगणार तर कोण? पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तसली माझी गत.

बाबा गेले आणि आठवड्याभरात आईने त्यांचा फोटो मागितला. मोबाइलवर दाखवला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीन काळी झाली.

"गेले बघ परत," ती म्हणाली.

मी पुन्हा लावून दिला. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा तिने मोबाइल माझ्याकडे सरकवला. "मला कागदावरचा दे बाबा. हातात राहील असा."

एवढंच ना, म्हणत दुकानात जाऊन बसलो. बाबांचे सगळे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले होते आणि मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून मूळचे पुसून टाकले होते. ग्रुपवरचा मोठा करून छापला, तर नाक कुठलं नि डोळे कुठले, पत्ता नाही. मग जुन्या कामांचे फोटो उपसले. प्रत्येक कार्यक्रमाला बाबा लाइट धरायला माझ्यासोबत असायचे, एकात तरी सापडतीलच. सापडतात कसले! लाइटवाला कडेला आला की कापायचा, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता. मीच कापलं होतं त्यांना, न चुकता. कुठे नुसतं कोपर, कुठे चपलेचं टोक.

मग एक मुख्याध्यापिका आठवल्या. त्यांच्या निवृत्तीचा फोटो छापताना बाई अडून बसल्या होत्या, "ते काका कापू नका. तीन तास उभे होते बिचारे."

"अहो बाई, तो नुसता लाइटवाला आहे," मी वैतागून म्हटलं होतं, पण त्यांची तेवढी प्रत न कापताच छापून दिली होती. वडील आहेत, हे सांगितलं नव्हतं. बाबा तिथेच बाजूला बसून पाकिटात फोटो भरत होते. त्यांनी मानही वर केली नव्हती.

लाज गिळून बाईंच्या घरी गेलो आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी अल्बममधून फोटो काढून हातात ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आईने चष्मा लावून फोटो खिडकीपाशी नेला. कडेला बाबा होते, स्वच्छ, डोक्यावरच्या केसान् केसासकट. लाइट उंच धरलेला, एक पाय घाईने मागे घेतलेला, चेहरा ओशाळलेला.

"असे का रे बघतायत? कोण ओरडलं यांच्यावर?"

"मी."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांच्या गालावरून अंगठा फिरवत राहिली.

"मनाला लावून घेऊ नका हो," ती त्यांना म्हणाली. "लहान आहे तो अजून."