पाच ठिकाणची खूण

सांडूला संशय घ्यायला कारण लागत नसे. बाजारातून आणलेली साखर तो घरी पुन्हा तोलायचा आणि एसटीचं तिकीट उतरेपर्यंत मुठीत धरून बसायचा. त्याची तीस वर्षं मेंढरांमागं गेली होती. त्यात एकदाच, गंगापूरकडं तळ पडलेला असताना, शेजारच्या मेंढक्यानं त्याचा तगडा एडका नेऊन तसल्याच रंगाचा खंगलेला एडका ठेवला होता. झालं एकदाच, पण तेवढं त्याला जन्मभर पुरलं. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानाच्या काठाला दोन तिरप्या कातरी असायच्या. ती त्याच्या घरची खूण.

आता मेंढरं बाराच उरली होती. बाकीची विकून त्यानं एक जुनी पण धडधाकट मोटारसायकल घेतली होती. दौलताबादच्या पुढच्या वाडीतून तिच्यावर बसून तो रोज पडेगावच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून जायचा. संशय घेण्याचा पगार मिळावा अशी नोकरी त्याला मिळाली होती, असं त्याची लेक मंजुषा हसत म्हणायची.

गेल्या आठवड्यापासून ही गाडी उभी राहिली की बंद पडत होती. पळायची झकास. पण रेस सोडली की दोनदा फुरफुरायची आणि गप्प व्हायची. किल्ल्याजवळ रस्ता जुन्या दरवाज्यातून जातो, तिथं समोरची बस निघेपर्यंत थांबावंच लागतं. तिथं गाडी हमखास मरायची आणि मागचे लोक हॉर्नवर हॉर्न मारायचे. सांडू किका मारून घामाघूम व्हायचा आणि मनात एकच नाव घ्यायचा, गोकुळ.

गोकुळ म्हणजे मंजुषाला पसंत पडलेला मुलगा. छावणीत लियाकत उस्तादांच्या गॅरेजात सहा वर्षं हाताखाली काम करणारा, कमी बोलणारा. येत्या रविवारी साखरपुडा होता. गाडी धड चालत असतानाच, साखरपुड्याआधी तिची सर्व्हिसिंग करून देतो, असं तो आपण होऊन म्हणाला होता, आणि सांडूच्या मनात पाल चुकचुकली होती. कुणी फुकटात काही करून देतो म्हणजे काहीतरी नेतो, हा त्याचा हिशेब. गाडी देण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तिच्यावर पाच ठिकाणी घरची खूण केली. लोखंडावर खिळ्यानं आणि खिळा चालेना तिथं कान कातरायच्या चाकूनं.

गाडी परत आली तेव्हा पाची खुणा जागच्या जागी होत्या. मात्र त्यातल्या एकीवर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली होती. सांडूनं ती नखानं उपसून काढली. खाली खूण होती ती होतीच. "मग झाकली कशापायी?" असं म्हणत त्यानं पट्टी उकिरड्यावर फेकली. दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद पडायला लागली, आणि सांडूला उत्तर सापडलं. वरचं कवच तेच ठेवून पोरानं कार्बोरेटरच्या आतलं सामान काढून घेतलं होतं.

गुरुवारी सकाळी त्यानं मंजुषाला सांगून टाकलं. "सासऱ्याच्या गाडीला हात मारणारा उद्या तुला काय सुखात ठेवंल? मोडून टाकू."

मंजुषाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "आबा, आधी गाडी खोलून दाखवा. सामान बदललेलं निघालं तर मीच नाय म्हणते. नाय निघालं तर पुन्हा त्यांना नावं ठेवायची नाय."

दोघं छावणीला आली. गाडी स्टँडवर लागायच्या आतच सांडू गरजला, "गोकुळ, माझ्या कार्बोरेटरातलं आतलं सामान कुठंय?"

गॅरेजातली दोन गिऱ्हाइकं चहा प्यायची थांबली. गोकुळ चाकाखालून उठला. त्यानं सांडूकडं पाहिलं, मग मंजुषाकडं, आणि हातातला पान्हा खाली ठेवला. लियाकत उस्ताद मात्र चिडले. "चाचा, मेरे दुकान में सामान नहीं बदलता. बैठो. तुम्हारे सामने खोलता मैं."

सांडू उकिडवा बसला. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायला लावून निघालेली प्रत्येक वस्तू तो स्वतः मोजून ठेवू लागला. उस्तादांनी प्लग काढला. स्वच्छ. एअर फिल्टर पाहिला. तोही स्वच्छ. कार्बोरेटर खोलून त्यातला केसाएवढ्या भोकाचा बारीक जेट उजेडाकडं धरला आणि सांडूच्या डोळ्याला लावला. "आरपार दिसतंय?"

"दिसतंय," सांडू नाइलाजानं म्हणाला.

"ये कंपनी का असली माल है, चाचा. नंबर देखो."

नंबर सांडूला काय कळणार, पण मंजुषानं तो मोबाइलवर पाहून घेतला. सामान खरं होतं. तिचा चेहरा उजळला. सांडूचा पडला, पण हार मानेल तो सांडू कसला. "मग बंद का पडती?"

उस्तादांनी सगळं पुन्हा जोडलं, गाडी चालू केली आणि रेसचा स्क्रू थोडा पिळून ती कशीबशी धुगधुगत ठेवली. मग ते बाटलीतलं साबणाचं पाणी इंजिनाच्या आसपास थेंब थेंब सोडू लागले. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधे एक जाड रबरी जोड असतो. त्याच्या काठावर पाणी पडलं आणि ते आत ओढलं गेलं. गाडीचा सूर एकदम बदलला.

"पकड में आया! हवा खींच रा इधर से." उस्तादांनी जोड काढून हातात घेतला. काठावर दोन तिरपे काप होते. इंजिनाच्या तापानं ते चिरत पार आतपर्यंत गेले होते. "अरे, ये फटा नहीं, चाकू मारा है किसीने! गोकुळ, आखरी बार तूने खोला था ना?"

गोकुळ खाली पाहत म्हणाला, "माझ्याच हातून झालं असंल, उस्ताद. काढताना पान्हा लागला असंल."

"पान्हे से ऐसा कटता? छह साल में ये सीखा तू?" उस्ताद सगळ्यांसमोर त्याला बोलत राहिले आणि तो ऐकत राहिला.

सांडूला हवं ते आयतं हातात आलं होतं. मुलगा स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करत होता. नुसती मान हलवली असती तर रविवार टळला असता. त्यानं मंजुषाकडं पाहिलं. ती रबराकडं बघत होती. लहानपणी हीच पोर कोकरं मांडीत धरून बसायची आणि सांडू त्यांचे कान कातरायचा. तिनं खूण ओळखली होती. तिनं नजर उचलून बापाकडं पाहिलं. सांडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उस्ताद, त्याला बोलू नगा," तो म्हणाला. "चाकू मी मारलाय. पोरगा सामान बदलतो का काय म्हणून खूण केली व्हती. वर त्यानं पट्टी लावली, ती बी मीच काढली."

सांडू गोकुळकडं वळला. "तुला ठावं व्हतं?"

"माझा बाप बी मेंढकाच व्हता, मामा. मेंढराच्या कानाची खूण मला कळत नाय व्हय?"

"मग नवं रबर का नाय घातलंस?"

"नव्यावर तुमची खूण नसती ना," गोकुळ म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी मी चोर ठरलो असतो. म्हणून पट्टीवर भागवलं."

सांडू वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसला. गोकुळनं नवा जोड आणला, खूण करायची का, अशा नजरेनं सांडूसमोर क्षणभर धरला आणि मग बसवला. पहिल्या किकेला गाडी चालू झाली. रेस सोडली तरी ती एका सुरात चालत राहिली, दुधाच्या भांड्याशी लागलेल्या मांजरासारखी. सांडू बराच वेळ कान देऊन ऐकत होता.

"गोकुळराव," शेवटी तो म्हणाला. आजवर तो त्याला नुसतं गोकुळ म्हणत असे. "रविवारी येताय ना?"

गोकुळ चिंधीनं हात पुसत राहिला.

"येतो मामा. पण टिळा कपाळालाच लावा. कानाकडं हात नेऊ नका."

उस्ताद खो खो हसले. मंजुषाही हसली आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. सांडूला हसू आलं नाही. त्यानं कमरेचा चाकू काढून लेकीच्या हातात दिला.

"रविवार होईस्तवर तुझ्यापाशी ठेव," तो म्हणाला. "माझा मला भरवसा नाय."